अण्णांचा सुजलेला अंगठा

शुक्रवारी सकाळी गुरुनाथ परुळेकरच्या उजव्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला की अंगावरची चादरही सोसवेना. बावन्न वर्षांचा हा इंजिनियर नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या घरात पलंगावर बसून कण्हत होता. बायकोने, मृणालिनीने, त्याला फॅमिली डॉक्टरकडे नेलं.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "गाउट आहे. युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे सांध्यात साचलेत. बिअर कमी करा, हेरिंग मासेही."

गोळ्यांनी ठणका उतरला, पण दोन महिन्यांनी अंगठा पुन्हा लालबुंद झाला. मृणालिनीच्या मैत्रिणीने हेगमधल्या चिनी वैद्य लिनबाईंचं नाव सुचवलं.

सत्तरीच्या लिनबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"ओल आणि उष्णता पायात अडकलीय," त्या डचमध्ये म्हणाल्या. सुजलेला सांधा सोडून त्यांनी घोट्यापाशी आणि पोटरीत बारीक सुया टोचल्या. मग पिवळी साल, मुळ्या आणि ज्वारीपेक्षा थोडे मोठे पांढरे दाणे पुडीत बांधले.

"हे उकळून प्या. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. आणि काढा घेताय हे त्यांना सांगायचं." मग त्यांनी विचारलं, "वडिलांना होतं का असं?"

गुरुनाथ नाही म्हणणार होता. पण डोळ्यांसमोर देवगडचं घर आलं. अण्णा शाळेत मास्तर. पहाटे बंदरावर जाऊन तारल्या मासे आणायचे, त्यांचं झणझणीत तिखलं स्वतः करायचे, पावसाळ्यात सुकटीवर तुटून पडायचे. मधूनच चार-चार दिवस एक पाय पाटावर ठेवून बसायचे. कुणी विचारलं तर, "ठेच लागली रे." अंगठा सुजलेला असायचा. हाच अंगठा.

"होतं," तो म्हणाला.

बावीस वर्षांपूर्वी तो नेदरलँड्सला निघाला, त्या दिवशी अण्णा स्टँडवर आले नव्हते. स्टँड घरापासून पाच मिनिटांवर. अण्णांना आपलं परदेशी जाणं पटलं नाही, असंच तो धरून चालला होता. पुढे फोनवर दोघं हवापाण्यापलीकडे कधी गेले नाहीत. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

घरी येताच त्याने आईला फोन लावला.

"आई, मी निघालो तेव्हा अण्णा स्टँडवर का नाही आले?"

"पाय सुजला होता ना रे. चप्पल शिरेना. शेवटी पायाला पंचा गुंडाळून निघाले. मी म्हटलं, रिक्षा बोलावते, तर ऐकेनात. बाजाराच्या वळणापर्यंत पोचले आणि समोरून तुझी एसटी गेली. हात केला म्हणे त्यांनी. तू पलीकडच्या खिडकीत असशील."

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"ते म्हणाले, अंगठ्याचं रडगाणं पोराला कशाला ऐकवायचं?"

गुरुनाथने फोन मृणालिनीकडे दिला. ती सासूबाईंशी इकडचं-तिकडचं बोलत राहिली.

महिनाभर त्याने काढा घेतला, गोळ्याही घेतल्या, पाणी वाढवलं. पुढच्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड उतरलेलं निघालं. कशाने, हे कुणीच छातीठोकपणे सांगितलं नाही. दर रविवारी मात्र तो आईला फोन करून अण्णांच्या जुन्या गोष्टी विचारू लागला, आणि आईही त्या सांगताना थकत नव्हती.