साठ पावलं

माझ्या धाकट्या मुलीला, इव्हानाला, जुळं झालं ते १९६६ साल. एप्रिलात बाळं आली आणि त्याच आठवड्यात आमच्या फॅएन्झा गावातल्या गालासीच्या कारखान्यातून आमची नवी शर्यतीची गाडी बाहेर पडली. बाळांनी बाळसं धरलं. गाडी हरत गेली.

जूनपर्यंत पाच शर्यती झाल्या, पाचही वेळा आम्ही तळाला. वळणावर आमची गाडी कुणाला पुढं जाऊ देत नव्हती. सरळ रस्ता लागला की मागचे हात हलवत पुढं निघून जात. इंजिन आमचं नव्हतं. उत्तरेकडचा एक मोठा कारखाना ते फुकट देई, बदल्यात आम्ही त्यांचं नाव गाडीवर रंगवायचं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, एकदा रंगवलं तेवढं पुरे. इंजिनाला शिशाचं सील असायचं. ते तुटलं की करार मोडला. मी मुख्य मेकॅनिक, पण ते इंजिन मला पाहुण्याच्या पेटीसारखं होतं. उचलायचं, ठेवायचं, उघडायचं नाही.

जूनमध्ये त्यांचा इंजिनियर ओलिव्हेरो पाहणीला आला. दोन तास गाडीभोवती फिरला, दुपारी सशाचं मटण आणि मालकाची चांगली वाइन घेतली आणि निकाल दिला की इंजिन उत्तम आहे, गाडीचं अंग वाऱ्याला अडतं.

ते अंग देलमो रावायोलीनं घडवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानं तो ठोकायचा, एकतीस वर्षं तेच काम. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवी आणि केसाएवढा उंचवटा सांगे. मालक गालासी म्हणाला की इंजिनियरसाहेबांनी हे कागदावर दिलं तर देलमोला ठेवता येणार नाही. देलमोनं ऐकलं आणि हातोडा पुसत बसला. मी म्हणालो, तोंड आहे ना तुला? तर म्हणे, माझं तोंड कुठं वाऱ्याला अडतंय.

मला राग आवरेना. मी मालकाकडं गेलो आणि म्हणालो, दोन्ही गाड्या रस्त्यावर नेऊ. गेल्या वर्षीची जुनी आणि ही नवी. वजन सारखं करू, टायर तेच लावू. गिअरपेटी दोघींची सारखीच, त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावर तोच आकडा आला की वेग तोच. खडूच्या रेघेवर गिअर सोडायचा आणि गाडी आपोआप थांबेपर्यंत घरंगळू द्यायची. तिथं इंजिनाचा संबंधच उरत नाही. जिचं अंग वाऱ्याला अडेल ती आधी थांबेल.

मालक तयार झाला. एकोणीस जूनला, रविवारी, सगळं गाव जेवायला बसलं असताना कालव्याच्या सरळ रस्त्यावर आम्ही चौघं गेलो. मालक, देलमो, मी आणि गाडी हाकणारा दानिलो. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा. जुनी जिथं थांबे तिथं मी खडूनं खूण करी. नवी दर वेळी त्या खुणेवरून निघून जाई. देलमो स्वतः पावलं मोजत गेला. सर्वांत कमी आली ती साठ.

गालासीनं टोपी काढली, पुन्हा घातली. देलमोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझं अंग चोख आहे रे बाबा." मला वाटलं, सुटलो.

मंगळवारी ओलिव्हेरो रविवारच्या चाचणीचा टाइप केलेला कागद घेऊनच आला. मालकानं मला कचेरीत बोलावलं, कॉफी मागवली आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. चाळिशीपर्यंत मला वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी मी सगळीकडं फुली मारत असे. पुढं दोन हिवाळे कामगार संघटनेच्या संध्याकाळच्या वर्गाला गेलो, हे मालकाला माहीत होतं, पण लक्षात नव्हतं.

मी कागद जवळ ओढला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागलो. ओलिव्हेरोनं दोनदा घड्याळ पाहिलं. तारीख बरोबर होती. रस्ता बरोबर, खडूची रेघ बरोबर, साठ पावलंही बरोबर. फक्त लिहिलं होतं की नवी गाडी जुनीच्या साठ पावलं आधी थांबली.

मी म्हणालो, "हा शब्द चुकलाय. इथं 'पुढं' पाहिजे."

ओलिव्हेरो मालकाकडं पाहून हसला. "हे वाचतात का?"

"तेर्झो," मालक हळूच म्हणाला, "एका शब्दासाठी अडून बसू नकोस."

"त्या एका शब्दानं देलमो घरी जातोय, मालक. तुम्हीच टोपी काढलीत ना परवा?"

मग मालकानं मला समजावलं. या कागदावर पुढच्या वर्षीची इंजिनं मिळणार होती. इंजिन नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर अकरा माणसं घरी. अकरांपेक्षा एक बरा, म्हणाला. मी म्हणालो, अकरांना बोलवा आणि हे त्यांच्यापुढं बोला. दोष इंजिनात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, यांनाही ठाऊक आहे. सील आम्ही तोडलं तर गुन्हा, आणि माणसाची एकतीस वर्षं तोडली तर करार?

मी सही केली नाही. मालकानं केली. माझ्यावाचून काही अडलं नाही.

शनिवारी देलमो त्याचे चार हातोडे फडक्यात गुंडाळून गेला. उत्तरेकडून तयार फायबरचं अंग आलं. ते चढवून आम्ही आणखी सहा शर्यती पळालो आणि सहाही वेळा तळालाच राहिलो. तेव्हा मात्र पाहणीला कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीची इंजिनंही आली नाहीत, त्यांनी बोलोन्याच्या एका संघाला दिली.

मी तिथंच राहिलो, आणखी दोन वर्षं. घरात जुळं होतं, जावई बेकार होता. ही सबब खरी आहे, पण सबबच आहे. देलमोला फॅएन्झात कुठल्याही गॅरेजनं घेतलं नाही, कारण तो कागद त्याच्या आधी तिथं पोचलेला असायचा. तो छपरांच्या पत्र्याच्या पन्हळी ठोकायचा. बाजारात भेटला की इव्हानाच्या पोरांची चौकशी करी, गाडीची कधीच केली नाही.

देलमो रावायोली ४ मार्च १९७१ रोजी फॅएन्झाच्या इस्पितळात वारला. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता.