सत्काराची शाल

"नेत्राताई, स्टेजवर या! आपला सत्कार तुळशीरामशेठच्या हस्ते!" माईकवाला दुसऱ्यांदा ओरडला.

पोरगी जागची हलली नाही. मध्यंतर झालेलं, मी फक्कीनं मैदानाची मधली रेघ पुन्हा मारत होतो. तिची खुर्ची मीच गुणफलकाजवळ मांडलेली, पाव्हण्यांच्या सोफ्यापासून लांब. आमच्याकडं कबड्डीच्या बातम्या लिहिणारी ती एकटीच बाई.

"गुणाजीकाका, गेल्या साली शाल घालताना शेठचा हात कुठं कुठं फिरला, ठाऊक आहे ना?"

अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फोटोतच दिसत होतं.

"तुझ्या साहेबाला सांगितलंस?"

"म्हणाले, शेठच्या मंडळाची पानभर जाहिरात असते. जमत नसेल तर पाककृतीचं पान घे. आमच्या पेपरातला प्रणय शेठकडं मटण-दारू झोडतो, तर म्हणतात, माणसं जोडतो. मी नुसती हसून बोलले तरी चालू."

"लाजल्या आमच्या ताई!" माईकवाला. पब्लिक खिदळलं.

न जावं तर उद्यापासून मैदान बंद. जावं तर तो हात. शेठ शाल उघडून उभाच.

आता आमच्यात रीत अशी, की बाईला शाल बाईच घालते. आमदारीण असो नाहीतर अंगणवाडीची बाई. हिच्याच वेळी रीत कशी इसरतात?

माझी बायको पुढंच बायकांत बसलेली. म्हटलं, "सगुणा, जा गो वर!"

सगुणा गेली ती तरातरा. हाताला सुकटीचा वास तसाच. शेठच्या हातातली शाल ओढलीन.

"शेट, बाईला शाल बाई घालते. तुमच्या घरात न्हाय काय कोन सांगनारं?"

बायका फसाफसा हसल्या. मग नेत्रा वर गेली. सगुणानं तिच्या खांद्यांवर शाल नीट घातली, हातात नारळ दिला. शेठपण हसला. नुसते दात.

पुढच्या स्पर्धेला प्रणय आला.

त्याच रविवारी पेपरात नेत्राचं नाव सापडलं. कोळंबीचं कालवण. मी अडखळत सगुणाला वाचून दाखवलं.

"मीठ सांगाया इसरली," सगुणा म्हणाली. "मन न्हाय हो तिचं त्यात."

संध्याकाळी रेघा मारल्या, गुणफलकाजवळ खुर्ची मांडली.

"काका, मी सोफ्यावर बसतो," प्रणय म्हणाला.

"बस ना," म्हटलं. खुर्ची काय मी उचलली नाही.