एका ताऱ्याची तीट

लखनौत आलमबागच्या मेट्रोखालून जाताना दुसऱ्या मजल्यावर एक निळी पाटी दिसते. तिच्यामागच्या दातांच्या दवाखान्यात दुपारी इतकं शांत असतं, की फळीवर मांडलेले प्लास्टरचे जबडेही डुलक्या घेताहेत असं वाटावं. डॉक्टर श्रुतीला कधीकधी वाटायचं, माणसं आपलं हसू इथं ठेवायला देऊन गेली आणि न्यायला विसरली.

दवाखाना उघडून दीड वर्ष झालं होतं. साताऱ्याला बाबांना तिनं सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत खुर्ची भरलेली राहिली नाही, तर बंद करून घरी येते." समोरच्या इमारतीतल्या मोठ्या दवाखान्याला हजारावर रिव्ह्यू होते. हिला नऊ. नऊच्या नऊ पाच ताऱ्यांचे, पण नऊच.

काउंटरवरची चंद्रप्रभा प्रत्येक पेशंटपुढे कोड छापलेलं कार्ड धरायची. "भाईसाहब, दो लाइन लिख दीजिए. आपका ही क्लिनिक है."

"जी, ज़रूर! क्यों नहीं!" हात छातीशी नेत पेशंट जिना उतरायचा. ते 'ज़रूर' जिन्यातच कुठंतरी अत्तरासारखं विरून जायचं.

"मॅडम, यहाँ मना कोई नहीं करता," चंद्रप्रभा म्हणायची. "और लिखता भी कोई नहीं."

जूनमध्ये सुलभाकाकूंची कवळी तयार झाली. रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर त्या तीस वर्षांपूर्वी लखनौला आल्या आणि इथल्याच झाल्या. दात गेले तसं त्यांचं ओव्या गाणं थांबलं होतं. "शब्दांतून नुसता वारा जातो गं," म्हणायच्या. कवळी बसली. काकूंनी आरशात पाहिलं आणि हलकेच एक ओळ गुणगुणली. वारा गेला नाही. शब्द दाणेदार उमटले. मग कितीतरी वेळ त्या पदरानं डोळेच टिपत राहिल्या.

"काय देऊ गं पोरी तुला?"

"रिव्ह्यू द्या काकू. फोनवर माझ्याबद्दल दोन शब्द, आणि तारे."

"अगं, एवढंच ना? आमचा नातू निनाद दाखवेल मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर लू, भाजून काढणारा वारा, सुटली होती. श्रुती पेशंटच्याच खुर्चीत कलंडली आणि तिला स्वप्न पडलं. फळीवरचे जबडे जागे होऊन ओव्या म्हणताहेत. वर छत नाही, मलिहाबादची आमराई आहे, आणि फांद्यांना दशहरी आंब्यांऐवजी तारे लटकलेत, पिकून पिवळेधमक. ती हात उंच करते. तारे एकेक करून गळू लागतात, आवाज न करता.

"मॅडम! उठिए. किसी ने एक ही तारा दिया है."

पाचावरून चार पूर्णांक सहा. नाव सुलभाकाकूंचं. खालचा मजकूर वाचायचंही श्रुतीला सुचेना. तो एकटा तारा बघूनच तिनं काकूंना फोन लावला. अर्ध्या तासात काकू ई-रिक्षातून हजर.

"काकू, काही दुखतंय का? काही चुकलं माझं?"

"तुझं काय चुकणार? अगं, बघितलं तर सगळीकडे पाचच पाच. नऊ जणांनी नुसती स्तुती! उघड्यावर, साऱ्या दुनियेपुढं! दृष्ट लागेल की नाही माझ्या लेकीला? म्हणून म्हटलं, एक तीट लावावी. तीट काय कुणी पाच लावतं?"

"काकू, तो एक तारा म्हणजे... डॉक्टर वाईट आहे."

काकूंचा चेहरा उतरला. "अगं बाई. पण मी खाली गाणं घातलंय ना? आत्ता पुसते. कुठं दाबू, हाँ, सांग लवकर."

त्या घाईघाईनं फोन चाचपत होत्या, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. कडेवर सहा वर्षांची मुलगी, गाल सुजलेला.

"वो काले टीके वाली डॉक्टर यही हैं?"

चंद्रप्रभा बघतच राहिली. बाईनं आपला मोबाईल पुढं केला. "सामने वालों के यहाँ हज़ार लोगों ने एक ही बात लिखी है, वेरी गुड, वेरी गुड. आपके यहाँ एक तारा देखा तो सोचा, पढ़ूँ क्या शिकायत है. मोबाइल से हिंदी करवाया."

श्रुतीनं आता पहिल्यांदाच तो मजकूर वाचला.

*ओसाड हिरड्यांत, लाविला गं मोगरा*
*लेकीच्या हातांचा, विसरू कसा आसरा*
*कुणाची लागेल, हिला नजर बाई*
*म्हणून गालावर, तीट लावते आई*

"टीका तो हम भी इसे लगाते हैं," बाई म्हणाली. मुलीच्या कपाळाच्या कडेला काजळाचा ठिपका होता, घामानं जरा पसरलेला. "जिसको कोई माँ टीका लगाए, उसके पास बच्ची को लाने में डर कैसा?"

मुलीला खुर्चीत बसवताना श्रुतीला वरच्या दिव्याभोवती क्षणभर आमराईची सावली दिसली. दात किडला होता, पण वाचणारा होता. काम होईपर्यंत काकू मुलीचा तळवा धरून गुणगुणत राहिल्या, आणि ती रडायचं विसरली.

त्या आठवड्यात तसे तिघं आले. पुढच्या आठवड्यात सात. रोज कुणीतरी विचारायचं, टीके वाली डॉक्टर यही ना?

सप्टेंबर उजाडला तरी काकू मात्र अजून खंतावत होत्या. "आता तरी पाच करू दे ना गं."

श्रुतीनं त्यांच्या हातातला फोन हलकेच उलटा ठेवला. "राहू द्या. पुसलीत तर दृष्ट लागेल."

मग तिनं साताऱ्याला फोन लावला. "बाबा, दसऱ्याला येतेय. चारच दिवस हं, पुढं अपॉइंटमेंट आहेत."