विरुद्ध बाजू

"अहो, तुम्ही मागच्या बाकावर बसा. आणि माझ्याकडे टक लावून बघू नका, मी अडखळते," असं बजावून बायको पुढच्या बाकावर जाऊन बसली.

आज वर्गात ऐकायला घरच्यांनाही यायची मुभा होती, म्हणून त्याने केस कापायचं दुकान उघडलंच नव्हतं. गिऱ्हाइकं खोळंबली तर खोळंबोत. पन्नाशीत कॉलेजात नाव घालून तत्त्वज्ञान शिकणारी बायको आणखी कोणाची होती? वर्गातली मुलं तिला काकू म्हणतात आणि टिपणं तिच्याकडूनच नेतात, हे तो दाढीला साबण लावता लावता प्रत्येकाला ऐकवत असे. ऐकणाऱ्याचं तोंड फेसाने भरलेलं असल्यामुळे कोणी हरकतही घेत नसे.

पण आज त्याला धास्ती वाटत होती. विषय होता, देव आहे की नाही. प्राध्यापिका बाईंची रीत उफराटी. ज्याला जे पटत नाही, बहुधा तीच बाजू त्याला द्यायची; मधूनच एखाद्याला पटणारीही, म्हणजे वर्गाला नुसतं उलटं धरून चालायचं नाही. मग वर्गाने हात वर करून सांगायचं, बोलणाऱ्याला मनातून काय वाटतं. उलटी बाजू मांडताना खरं मत ओळखू आलं की गुण गेले, आणि या गुणांवर तिचं पास-नापास अडलं होतं. हात जोडल्याशिवाय चहाला तोंड न लावणाऱ्या बायकोच्या वाट्याला अर्थातच 'देव नाही' आलं होतं.

"वर कोणी ऐकत असेल तर?" त्याने काल घाबरत विचारलं होतं.

"ऐकू दे की," ती भाजी निवडत म्हणाली होती. "त्यालाही जरा दुसरी बाजू कळू दे."

आधी एक नास्तिक मुलगा उठला. प्रत्येक वस्तूला कोणीतरी करणारा असतो, म्हणजे जगालाही असणारच, असं म्हणता म्हणता त्याला स्वतःलाच हसू फुटलं. सगळ्या वर्गाने त्याला ओळखलं. मग बायको उभी राहिली.

देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे, आणि निरपराध जीव दुःख भोगतात. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? तिने शांतपणे एकेक पायरी मांडली. ती कुठेच अडखळली नाही.

"पण काकू, दुःखातून माणूस शिकतो ना?" एका मुलीने विचारलं.

"मोठा माणूस शिकतो. नुकतीच मान धरलेलं बाळ तापात काय शिकतं? आणि धडा आईबापांसाठी असेल, तर त्यांना शिकवायला बाळ वापरणारा शिक्षक मला नाही चालायचा."

त्याने मान खाली घातली. त्यांची मुलगी तापात गेली, तेव्हा तिनेही नुकतीच मान धरली होती. त्यानंतर घरात तो विषय दोघांनीही कधी काढला नव्हता. बायको रोज हात जोडते म्हणजे ती सावरली, असं तो समजून चालला होता.

"काकू मनातून देव मानत नाहीत, असं कोणाकोणाला वाटतं?" बाईंनी विचारलं. झाडून सगळे हात वर गेले. बाईंची नजर मागच्या बाकावर आली. "काका, तुम्हीही सांगा. पण खरं ते."

गुणांसाठी खोटा हात वर करणं त्याला जमणारं नव्हतं. पण ऐकताना त्याला तिचा शब्दन् शब्द तिच्या पोटातून आलेला वाटला होता. त्याने हात वर केला. ऊर भरून आला होता, दुःखाने आणि त्याहून जास्त अभिमानाने.

रस्त्यात ती म्हणाली, "माझ्या गुणांसाठी हात वर केलात?"

"नाही गं. तसंच वाटलं मला."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मुलीचं नाव घेतलं.

"तिला कोणीतरी सांभाळत असायला हवं ना तिथे," ती म्हणाली. "म्हणून जोडते हात."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि घराच्या वळणापर्यंत दोघं तसेच चालत गेले.

दुकानापाशी गिऱ्हाइकं ताटकळत होती. "सकाळपासून होता कुठे?" एकाने खुर्चीत बसत विचारलं.

"कॉलेजात. बायको बोलली, देव नाही या विषयावर. पैकीच्या पैकी मिळाले."

"अच्छा. मग आहे की नाही शेवटी?"

त्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री उचलली.

"ते तिला विचारा," तो म्हणाला. "तिला दोन्ही बाजू ठाऊक आहेत."