खंडेनवमीची पॉइंट टू टू

अनुया मीटिंग आटोपून हॉलमध्ये आली तेव्हा पाटावर तिचा जुना लॅपटॉप, विळी, नवऱ्याचा पाना आणि एक बंदूक ओळीने मांडलेली होती. चौघांनाही हळदकुंकू. बंदुकीला झेंडूची माळ जास्तीची.

"बाबा, हे काय?"

"खंडेनवमी," निशिकांतराव उदबत्ती ओवाळत म्हणाले. "शस्त्रपूजा."

"बंदूक कुठून आली?"

"बॉम्ब शेल्टरमधून. अजून कुठून येणार?"

तर्क बिनतोड होता. वुडलँड्सच्या त्या फ्लॅटमध्ये, या देशातल्या सगळ्या नव्या घरांसारखी, पोलादी दाराची एक खोली होती. युद्ध झालं तर लपायला. तोवर तांदूळ ठेवायला. महिन्यापूर्वी फ्लॅट भाड्याने देताना घरमालकाने तिथल्या वरच्या फळीवर आपलं 'थोडं जुनं सामान' तसंच ठेवलं होतं. अनुयाने त्याला हात लावला नव्हता. सासरे गेल्याच आठवड्यात पुण्याहून आले होते आणि त्यांना वेळ जात नव्हता. नवरा कुशल जहाजावर इंजिनीअर, भर समुद्रात.

"खेळण्यातली असेल," अनुया म्हणाली. म्हणजे तिने देवाला तसं सुचवून पाहिलं.

"खेळण्यातली? एनसीसीत अशीच चालवायचो मी. पॉइंट टू टू!" त्यांनी माळ बाजूला सारली. "हा बोल्ट बघ. पिन मधोमध नाही, कडेला आहे. गोळीच्या बुडाला कडेवर ठोका बसतो. एका वेळी एकच गोळी. लाकूडही साधंच, वरून अक्रोडाचा रंग फासलाय. गरिबाची बंदूक! रिकामी आहे, बघितलं मी."

"म्हणजे तुम्ही हात लावलात?"

"हात? पडद्याच्या कापडात गुंडाळलेली होती. सोडवली, तारेच्या घासणीने घासली, खोबरेल चोळलं. पारोशी कशी पुजायची?"

अनुया सोफ्यावर टेकली. ज्याची कुणाची बंदूक होती त्याच्या बोटांचे ठसे आता बेसिनच्या जाळीत होते. वर उरले ते फक्त सासऱ्यांचे, खोबरेलात उठून दिसणारे.

तिने फोनवर इथला कायदा शोधला. तुरुंग. वर वेताचे फटके. पन्नाशीपुढच्यांना फटके माफ. ज्येष्ठ नागरिकांची ही एकच सवलत सासऱ्यांनी आजवर मागितली नव्हती.

तेवढ्यात फोन टिंग टिंग वाजू लागला.

"फॅमिली ग्रुपवर फोटो टाकलाय," निशिकांतराव म्हणाले. "म्हटलं, किंमत तरी कळेल."

नागपूरच्या सुबोधकाकांनी विचारलं होतं, "नंबर कोरलाय का?"

"नाही," निशिकांतरावांचं उत्तर.

"मग जुनी, स्वस्तातली. त्यांच्यावर घालत नसत. आठ हजार."

मीनलआत्या: "घासलीस का रे दादा? घासलेल्याचे निम्मे."

सुबोधकाका: "बरं, चार. मी घेतो. इकडे कोण येतंय?"

एकूण सात नातेवाईक मिळून शस्त्रांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करत होते, आणि त्यांतल्या एकाने खाली गुलाबाचं फूल टाकलं होतं.

ग्रुप पुसावा? मग पुरावा नष्ट केला म्हणतील. बंदूक परत फळीवर ठेवावी? कुंकू लावून?

"बाबा, मी पोलिसांना फोन करतेय."

"अगं, पण पूजा उद्यापर्यंत हलवायची नसते!"

पोलीस आले. दोघे. वयाने मोठा होता त्याने पाटाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग परत पाटाकडे.

"नोबडी मूव्ह एनीथिंग."

"हेच मी हिला सांगतोय," निशिकांतराव मराठीत म्हणाले.

"हू टच्ड इट?"

निशिकांतरावांनी वर्गात करावा तसा हात वर केला. अनुया समजावू लागली की आज आम्ही हत्यारांची पूजा करतो. हे वाक्य पोलिसासमोर म्हणू नये, हे तिला ते म्हणून झाल्यावर कळलं. त्याने फोन मागितला. ग्रुपवरचे इंग्रजी आकडे त्याला मराठीवाचून समजले.

"अंकल, यू सेलिंग?"

धाकट्या पोलिसाने सासऱ्यांचा पासपोर्ट मागितला आणि त्यांना चपला घालायला सांगितलं. निशिकांतरावांनी उजव्या पायात डावी चप्पल घातली.

मोठ्या पोलिसाने हातमोजे चढवले, माळ काढली आणि बंदूक उचलून उलटी केली.

खालची बाजू गंजून तांबडी झालेली. त्यावर कोळ्याचं जाळं, मेलेलं झुरळ, आणि गंजातच रुतून बसलेली फुलाफुलांच्या कापडाची चिंधी. घासणी तिथवर पोचलीच नव्हती.

सासरे भांडी घासत ती दिसेल त्या बाजूने. सकाळीच कढईवरून तिने त्यांना दहा वाक्यं ऐकवली होती. आता तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

धाकटा शेल्टरमध्ये गेला आणि घरमालकाच्या फळीवरून तस्साच फुलाफुलांचा पडदा घेऊन आला. एक कोपरा फाटलेला. चिंधी तिथे बरोब्बर बसली.

"हा गंज महिन्याभरातला नाही. ओनरला फोन कर," मोठा धाकट्याला इंग्रजीत म्हणाला. मग निशिकांतरावांकडे वळला. जबाब द्यायला यावं लागेल, पासपोर्ट तूर्तास आमच्याकडे, पण रात्रीच्या जेवणाला घरी असाल. "अँड अंकल, नेक्स्ट टाइम, डोन्ट क्लीन, लाह."

लिफ्टमध्ये चौघे उभे होते. एका मजल्यावर दार उघडलं, शेजारीण आत बघून तशीच मागे सरली. निशिकांतराव सुनेच्या कानाशी वाकले.

"अनुया, घासली ती अर्धीच. म्हणजे निम्मी किंमत नाही, पाऊण. सहा हजार."

"बाबा," ती पुढे बघत म्हणाली, "गप्प बसा." आणि त्यांचा हात तिने घट्ट धरला.