सहा महिन्यांचे पाळक आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. दोन कंपासपेट्या एकमेकींवर ठेवल्या तर होईल एवढीच. माझ्या पोटात निळी मखमल आहे आणि तिच्यात बोटभर उंचीचे चार काचेचे पेले, एक पितळी ताटली आणि एक चपटी बाटली बसवलेली आहे. अंधेरी पूर्वेच्या आमच्या मराठी चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन लोक प्रभू येशूची आठवण करतात. पण जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचे काय? त्यांच्यासाठी मी आहे. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मला घेऊन त्यांच्या घरी जातात.

मला धोंडिराम सुतारांनी घडवले. ते चर्चची बाके दुरुस्त करायला आले होते. थोडे लाकूड उरले. पाळकांनी माप सांगितले आणि धोंडिरामांनी एकही खिळा न ठोकता माझे कोपरे जुळवले. पुढे कितीतरी वर्षे मी घरोघर फिरले. चाळींचे जिने चढले, इस्पितळांच्या वॉर्डांत गेले. एका आजीने तर मला उचलून कपाळाला लावले होते.

मग आमच्या पाळकांची बदली झाली. नवे आज येतील, उद्या येतील, असे म्हणता म्हणता अडीच वर्षे गेली. कमिटीच्या सेक्रेटरी जयाताई दर गुरुवारी फोन घेऊन बसायच्या. "साहेब, या रविवारी जमेल का? फक्त सकाळची उपासना. हो ना, लवकर सोडू तुम्हाला!" आणि दर रविवारी वेगळे पाळक यायचे. एकांना साडेदहाला मुलुंडच्या चर्चमध्ये पोचायचे असे. एकांनी तोच उपदेश तीनदा केला, कारण कोणी त्यांना सांगितलेच नाही. उपासना संपली की उभ्याउभ्या चहा घेऊन ते विचारायचे, "इथे रिक्षा मिळेल ना?" माणसे चांगली होती. पण पाहुणा कधी दुसऱ्याच्या घरातले कपाट उघडतो का? मी त्या कपाटात जुन्या कॅलेंडरांखाली पडून राहिले.

त्याच दिवसांत चारकोपच्या विमलाबाई आजारी पडल्या. त्यांची सून तीन रविवार आली. "सासूबाईंना प्रभुभोजन हवंय हो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मी आजच्यापुरता आलोय, बाई. तुमच्या पाळकांना सांगा," असे उत्तर तिला मिळाले.

"आम्हाला पाळकच नाहीत," ती म्हणाली.

चौथ्या रविवारी ती आली नाही. विमलाबाई गेल्याचे मला कपाटातच ऐकू आले. त्यांची सून विनवत उभी होती तिथून मी चार पावलांवर होते, मित्रांनो. पेटीला पाय नसतात, याचे दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झाले.

त्यानंतर रेव्हरंड शांतवन कसबे आले. एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त, पत्नी वारलेली. कमिटीने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "घरात पडून कोण कोण आहे?" जयाताईंनी नऊ नावे सांगितली. मग त्यांनी कपाट उघडले. माझ्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. त्यांनी त्यांना खोबरेल तेल लावले, पेले धुऊन पुसले आणि मला पाळकगृहात नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवले. टेबलाच्या त्या बाजूला बसायला दुसरे कोणी नव्हतेच.

त्यांची बॅग भिंतीशी तशीच भरलेली असे. लागेल तो शर्ट काढायचा, धुतला की परत आत ठेवायचा. लोक त्यांना नमस्कार करायचे, "सलाम, पाळकसाहेब" म्हणायचे आणि आपापल्या घरी जायचे. जाणाऱ्या माणसाशी कोण कशाला ओळख वाढवणार? संध्याकाळी भात आणि अंडे शिजवून ते माझ्यासमोर बसून जेवायचे. जेवताना रेडिओ लावायचे, पण ऐकत असावेत असे मला कधी वाटले नाही.

दर मंगळवारी मात्र मला मांडीवर घेऊन ते बसने आरे कॉलनीत जायचे. तिथे त्या नऊ जणांपैकी गुणाजी राहायचे. एके काळी गोठ्यात म्हशींच्या धारा काढणारे गुणाजी आता खाटेवरून उठत नव्हते. पहिल्या दिवशी आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"तुम्ही कितवे?" त्यांनी विचारले.

"कितवा म्हणजे?"

"पाळक हो. किती आले न् गेले! कशाला कोणात जीव गुंतवायचा?"

"नका गुंतवू. मी सहा महिन्यांचाच आहे," शांतवनसाहेब म्हणाले. "पण आज मंगळवार आहे आणि मी इथे आहे."

गुणाजींनी एक डोळा उघडला. त्यांच्या सुनेने, राधाने, स्टूल पुढे सरकवले. त्या दिवशी प्रभुभोजन झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, जेवूनच जा ना. सुकटीचं कालवण केलंय." साहेबांनी तीन वेळा भात घेतला. सहा महिन्यांचे चौदा महिने झाले. चर्चच्या एवढ्या मोठ्या मंडळीत त्यांना जेवायला बसवणारे घर हे एकच.

अखेर कायमचे पाळक मिळाले. रेव्हरंड सर्वेश साळवे, वय चौतीस. निरोपाच्या रविवारी शांतवनसाहेबांना शाल मिळाली, भाषणे झाली. बॅग तर भरलेलीच होती. ते आपल्या भाचीकडे पनवेलला गेले आणि मी नव्या साहेबांच्या टेबलावर आले.

तीन आठवड्यांनी साळवेसाहेब माझे पेले पुसत असताना फोन वाजला. हात ओले होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे शांतवनसाहेब होते.

"गुणाजींचं काही खरं नाही. राधा मला बोलावतेय. पण मी जाणार नाही."

"का हो? मी अजून त्यांना भेटलोही नाही. या ना तुम्ही. मला वाईट नाही वाटणार."

"मी आलो, तर प्रत्येक जण मलाच बोलवेल. मग तुम्ही त्यांचे होणार कधी? आत्ताच निघा. भाकर भिजवून द्या, त्यांना गिळवत नाही. आणि घाई करू नका."

आम्ही आरेला पोचलो तेव्हा गुणाजींनी नवा चेहरा पाहून मान फिरवली. "माझा म्हातारा कुठंय?"

"त्यांनीच पाठवलंय मला," साळवेसाहेब खाली जमिनीवर बसत म्हणाले. "त्यांना स्वतःला यायचं होतं. फार यायचं होतं."

गुणाजींच्या डोळ्यांतून पाणी आले. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड उघडले आणि भिजवलेला तुकडा घेतला. दोन दिवसांनी ते गेले.

अंत्यविधीच्या उपासनेच्या वेळी मी चर्चच्या खिडकीत होते. शेवटच्या बाकावर साध्या बुशशर्टात शांतवनसाहेब बसले होते. शेवटचे गीत संपायच्या आतच ते उठले. राधा त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले. ते काय बोलले, मला ऐकू आले नाही. मग ती एकटीच परत आली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत बदलीच्या बाई येत असतील, सोसायटीत महिनाभरासाठी नवा वॉचमन येत असेल. "हे काय, आज आहेत उद्या नाहीत," असे म्हणू नका. निरोपाच्या दिवशी शाल द्यायला सगळेच जमतात. जो थोड्या दिवसांसाठी येतो, त्याला पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलवा.