दुहेरी कापड

नवरा कामाला होता त्या कारखान्याच्या खांबावर वारा दाखवणारा कापडी नळा, विंडसॉक, तिनेच शिवला होता. जुना वर्षभरात फाटला म्हणून यंदा हौसेने दुहेरी कापड लावलं, वर 'आता दहा वर्षं बघायला नको' म्हणून मिरवलीही.

आज गॅसगळतीचा भोंगा वाजला. तिने नवऱ्याला फोन लावला.

"घाबरू नकोस गं. विंडसॉक लोंबतोय, म्हणजे वारा पडलाय. गॅस टाकीपाशीच राहील. आम्ही सगळे फाटकाशी थांबलोय."

कारखान्यालगतच्या घराच्या खिडकीबाहेर दोरीवर त्याचेच रुमाल आडवे होऊन फडफडत होते, टाकीकडून फाटकाच्या दिशेने.

"अहो, वारा आहे. मी शिवलेला जड झालाय, तो उडतच नाही. पळा."

पलीकडे कोणीतरी खोकलं. मग आणखी कोणीतरी.